राहिलेली पंगत

"माझी एक पंगत राहिली आहे हो," असं म्हणून ते उजव्या हाताची बोटं घास उचलल्यासारखी जुळवत, तोंडापर्यंत नेत आणि तिथंच थांबत. घास काही तोंडात जात नसे. मग बोटं सुटत, हात खाली येई, टाक शाईत बुडे आणि स्वारी पुन्हा कामाला लागे. नवखा माणूस विचारी, "कुणाकडची पंगत?" त्यावर ते नुसते गालात हसत. आम्ही जुने लोक मात्र माना खाली घालत असू, कारण कुणाकडची ते आम्हाला ठाऊक होतं.

रत्नागिरीच्या कचेरीत ते नकला करण्याच्या कामावर होते. निकालांच्या, खरेदीखतांच्या, जबान्यांच्या नकला. मी शेजारच्या बैठकीवर. घरंही आमची शेजारी, मध्ये चिऱ्याचा एक गडगा. वयानं मोठे म्हणून मी त्यांना काका म्हणत असे, तेवढंच इथंही म्हणतो. खरं नाव सांगत नाही. ज्या प्रसंगासाठी गावानं ते नाव चघळलं, त्याला ते पुन्हा चिकटवायची माझी इच्छा नाही. आणि ज्या गृहस्थानं त्यांच्यावर तो प्रसंग आणला, त्याचंही नाव घेत नाही. त्याचं कारण वेगळं. ते नाव घेतलं की मला चूळ भरावीशी वाटते.

काकांना पोटाचं दुखणं होतं. महिनेच्या महिने माणूस ठणठणीत असे. मग एका सकाळी कळ येई, धावावं लागे, आणि पडे ते रक्त. दिवसातून किती वेळा, याची मोजदाद काकूंनी केव्हाच सोडून दिली होती. अंगात ताप, तोंड आलेलं, गुडघे धरलेले. बघता बघता माणसाचं चिपाड होई. आणि मग आलं तसंच ते हळूहळू ओसरे, पुन्हा कोट अंगावर बसायला लागे, आणि काका गडग्यापलीकडून हाक मारत, "चला, निघायचं का कचेरीत?"

कचेरीत जायचा त्यांचा रस्ता सरळ नव्हता. हातभर अंतरासाठी ते वाकडी वाट करत. पहिल्यांदा मला वाटलं, देवळावरून जायचं असेल. मग कळलं की ज्या ज्या घराच्या परसात बसायची आडोशाची सोय आहे, त्या त्या घरावरून तो रस्ता जातो. गावात त्यांचा स्नेह कुणाकुणाशी होता, हे त्या आडोशांवरून ठरलं होतं. एका वकिलाशी त्यांनी बोलणं टाकलं, तेव्हा मी कारण विचारलं. "परसात कुत्रा आणून बांधलाय शिंच्यानं," काका म्हणाले.

दुखण्याचं कारण सगळ्या गावाला पाठ होतं, फक्त प्रत्येकाचं कारण निराळं होतं. कुणी म्हणे, जिभेवर ताबा नाही. कुणी म्हणे, कुलदैवताचा नवस फेडायचा राहिलाय. समोरच्या आळीतली एक म्हातारी म्हणे, गेल्या जन्मी कुणाच्या तोंडचा घास काढला असणार. वैद्यबुवांनी संग्रहणी म्हणून पर्पटी दिली. आव समजून कुणी कुड्याच्या सालीचा काढा पाजला, कुणी सुया टोचल्या. अफूची गोळी घेतली की दोन दिवस आराम पडे आणि तिसऱ्या दिवशी सगळं दामदुपटीनं वसूल होई. हे सगळं करून झाल्यावर काका एका हिवाळ्यात आगबोटीनं मुंबईला गेले, तिथल्या मोठ्या इस्पितळात.

परत आले ते हसतच. "अहो, त्या डॉक्टरनं नळी घालून माझ्या आतड्यात दिवा लावला! हिनंसुद्धा माझं अंतरंग एवढं बघितलेलं नाही." काकू आतून ओरडल्या, "पुरे झालं हो, माणसं बसलीत!"

डॉक्टरनं सांगितलेलं त्यांनी शब्दन् शब्द लक्षात ठेवलं होतं. आतड्याला आतून जखमा आहेत. ही आव नाही. कुणाचं कुणाला लागणारं दुखणं नाही. खाण्यामुळं झालेलं नाही. पण जखमा भडकलेल्या असताना वाटेल ते खाल्लं तर सोसणार नाही. होतं कशामुळं, ते अजून आम्हाला कळलेलं नाही. मुळापासून जाणार नाही. सांभाळलंत तर म्हातारे व्हाल.

दुसरा कुणी हे ऐकून हातपाय गाळून बसला असता. काका पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. "खाण्यामुळं झालेलं नाही!" ते ज्याला त्याला सांगत सुटले. "ऐकलंत ना? माझ्या जिभेचा काही गुन्हा नाही. मोठ्या डॉक्टरनं सांगितलंय!" गावानं अर्थातच ते ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. गावाला जिभेचं कारण जास्त आवडलेलं होतं.

मग काका आपल्या पोटाचा अभ्यास करायला लागले. कशानं बिघडतं, कशानं सावरतं, हे त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. जुन्या तांदळाचा मऊभात, लोणी पुरतं काढलेलं ताक, चिमूटभर मीठ. दुखणं ओसरलं की हळूच एखादी दुधी भोपळ्याची भाजी. मिरची बंद, फणस बंद, तळलेलं बंद, आणि रत्नागिरीत राहून आंबा बंद. जागरण नाही. कुणी त्यांचं पथ्य विचारायला आलं तर चिडत. "माझं पोट माझं, तुमचं तुमचं. मला ताक मानवतं म्हणून तुम्ही ढोसाल आणि मला शिव्या घालाल. आधी स्वतःच्या पोटाकडं बघा."

आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती, आणि ती त्यांनी फक्त मला सांगितली. "ओसरीवर त्याच्या वहाणा वाजल्या ना, की माझ्या पोटात गोळा येतो. ताकानं जे सावरतं ते त्या वहाणांनी बिघडतं."

वहाणा आमच्या शिरस्तेदारांच्या. कचेरीतला सगळा कारकून वर्ग त्यांच्या हाताखाली. देह आडवा, आवाज त्याहून आडवा. दगड खाल्ला तरी पचतो, अशी प्रौढी ते स्वतःच मिरवत, आणि ज्याला पचत नाही तो ढोंगी, असं त्यांचं मत होतं. जागेवरून उठायचं तर त्यांना विचारून उठायचं, ही शिस्त त्यांनीच लावलेली.

त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. काका तेव्हा मोठ्या दुखण्यातून नुकते उठले होते. न जाऊन चालण्यासारखं नव्हतं, म्हणून गेले. माझ्या शेजारी पानावर बसले, वरणभात कालवला आणि खाली मान घालून हळूहळू जेवू लागले. जिलबीची फेरी आली. काकांनी पानावर हात आडवा धरला.

आपल्याकडचा पंगतीतला आग्रह तुम्हाला मी काय सांगायचा! नको म्हणणाऱ्याला वाढण्यातच यजमानाचा मोठेपणा, आणि खुद्द मुलीच्या बापानं हातानं भरवलेला घास नाकारणं म्हणजे त्याच्या तोंडावर मारणं. शिरस्तेदार ताट घेऊन काकांसमोर येऊन उभे राहिले.

"काय हो, माझ्या मुलीच्या लग्नात वरणभातावर उठणार? ही ढोंगं घरी!"

"साहेब, पोट अजून..."

"पोटाचं मला सांगू नका. आ करा."

शिरस्तेदारांच्या पत्नी मागंच तुपाचं भांडं घेऊन उभ्या होत्या. त्या हलकेच म्हणाल्या, "नको म्हणतायत तर राहू द्या ना."

"तू गप्प बस गो!" असं म्हणून त्यांनी डाव्या हातानं काकांचा खांदा धरला आणि उजव्या हातानं जिलबी तोंडात कोंबली. पंगत हसली. कुणीतरी "आणखी एक, आणखी एक" म्हणायला लागलं. मग एकावर एक. मग मिरच्यांची भजी. काका गिळत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. शिरस्तेदार म्हणाले, "बघा, गोड लागलं की नाही!" आणि पुढच्या पानाकडं वळले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत काका भिंतीसारखे पांढरे पडले होते. मुन्सफसाहेब अजून यायचे होते, पण वकील, पक्षकार, बेलीफ यांनी खोली भरलेली. एक नक्कल अस्सल कागदाशी ताडून पाहायची होती. काकांनी वाचायचं, शिरस्तेदारांनी अस्सल समोर धरून ऐकायचं. थोडं वाचून झालं आणि काका थांबले.

"साहेब, बाहेर जाऊन येऊ?"

"पान पुरं करा."

काकांनी आणखी चार ओळी वाचल्या. कपाळावरून घाम निथळत होता. "साहेब, कळ आली आहे. बाहेर जाऊन येऊ?"

"काल जिलब्या हाणताना नव्हती आली कळ?" शिरस्तेदार मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. लोक हसले. काका उठायला लागले तर ते गरजले, "बसा! सांगितल्याशिवाय उठायचं नाही."

काका बसले. पुढं वाचायला लागले. आणि मग जे व्हायचं ते झालं. पांढरं धोतर, त्यावर रक्त, खाली बैठकीवर रक्त. वकिलांनी नाकाला उपरणी लावली. शिरस्तेदार खुर्ची मागं सारून म्हणाले, "माणसानं खाताना हात आखडावा." ज्या हातानं कोंबलं, तोच हात हवेत उडवून म्हणाले ते! मला त्या क्षणी त्यांच्या टाळक्यात शाईची दौत घालावीशी वाटली. अजूनही वाटते.

मी काकांना माझं उपरणं गुंडाळून मागच्या विहिरीवर नेलं. पाणी काढून देत होतो. ते रडतील असं मला वाटलं होतं. ते रडले नाहीत. धोतर पिळता पिळता म्हणाले, "याच्या मागं जगणार मी. आणि याच्या नावानं मांडलेल्या पानावर बसून जेवणार. बघाल तुम्ही." तिथंच त्यांनी पहिल्यांदा बोटं जुळवून तोंडाशी नेली.

त्या दिवसापासून गावातल्या पंगतीत काकांचं पान परसदाराशी मांडायला लागले. शेवटचं पान, दाराला लागून. काही लोक ते कळवळ्यानं करत, काही खिदळण्यासाठी. काका दोघांचंही मुकाट्यानं घेत आणि ताकभात जेवून उठत.

पण पथ्याला आता धार आली. पूर्वी ते कंटाळत, कधी एखादं भजं तोंडात टाकत. आता नाव नको. "मला मरायला फुरसत नाही," ते म्हणत. रोज सकाळी फिरायला म्हणून शिरस्तेदारांच्या दारावरून जात आणि गडग्यापाशी थांबून आदबीनं विचारत, "काय शिरस्तेदार, प्रकृती कशी काय?" पाहणाऱ्याला वाटे, केवढा हा सज्जन! खरं म्हणजे स्वारी माल बघून येत असे. परत आले की मला कळवत. "अजून दांडगा आहे. पण आज जिना चढताना धापला." आणि मग समाधानानं ताक पीत.

शिरस्तेदारही काही कमी नव्हते. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी बाग वाढवली, आणि दर वैशाखात काकांच्या घरी हापूसची करंडी पाठवायला सुरुवात केली. बरोबर निरोप असे, "झेपतील तेवढे खा म्हणावं." काका करंडी उघडत, एक आंबा उचलत, डोळे मिटून देठाशी नाक नेत आणि बराच वेळ तसेच बसत. मग तो आंबा पुन्हा आत ठेवून करंडी गडग्यावरून माझ्या घरात देत. "खा. साल पण चोखा. त्याचं काही फुकट जाऊ देऊ नका."

एका वर्षी दुखणं असं भडकलं की आम्ही आशा सोडली. हाडांवर कातडं उरलं. वैद्य येऊन गेले, डॉक्टर येऊन गेले. काकूंनी पदर तोंडात कोंबून रडणं चालवलं होतं. मी कानाशी वाकून विचारलं, "काका, काही हवंय का?" ते कुजबुजले, "तो कसा आहे?" मी म्हटलं, "बरा आहे." त्यांनी दात आवळले. "मग मला ताक आणा." चमच्याचमच्यानं ते उठले. काकू पुढं सगळ्यांना सांगत, "औषधानं नव्हे हो, ते शिरस्तेदारांवरच्या रागानं उठले."

आणि एका दुपारी शिरस्तेदार फणसाचे गरे खाऊन लवंडले ते उठलेच नाहीत. मी धावत जाऊन काकांना सांगितलं. ते सुपारी कातरत बसले होते, स्वतः खात नसत, काकूंसाठी. अडकित्ता थांबला. "पचला नाही म्हणायचा दगड," एवढंच बोलले आणि पुन्हा कातरायला लागले. 

तेराव्याचं आमंत्रण मला आलं, त्यांना नाही. शिरस्तेदारांच्या भावानं स्पष्ट सांगितलं म्हणे, रोगी माणूस कशाला त्या पानावर! काका दिवसभर ओसरीवर बसून होते. संध्याकाळी मी परतलो तर विचारलं, "काय काय होतं?" मी सांगत गेलो, ते ऐकत गेले. शेवटी म्हणाले, "म्हणजे माझी पंगत राहिलीच." इतकी वर्षं जे नुसतं चेष्टेसारखं ऐकत आलो होतो, ते त्या दिवशी मला ऐकवेना.

वर्षश्राद्ध झालं, त्यालाही त्यांना वगळलं. मग भाद्रपद आला. पितृपक्षात घरोघरी श्राद्धं, गावातले भिक्षुक पहाटेपासून वाटले गेलेले. शिरस्तेदारांच्या तिथीला मुलानं पूर्णगडकडचे दोघे ठरवले होते. त्या सकाळी असा वारा सुटला की खाडी ओलांडायची तर, म्हणजे होडी, बंद झाली आणि दोघेही पलीकडं अडकले. उन्हं कलायला लागली, देवांच्या जागी बसायला कुणी नाही, पितरांच्या जागी कुणी नाही. त्यांचे घरचे उपाध्ये धापा टाकत आमच्या गडग्याशी आले. "तुम्ही तरी चला हो! निदान एक जण!"

मी काही बोलायच्या आत पलीकडून आवाज आला. "दोघे येतो."

उपाध्ये चाचरले. "तुमचं... ते पोट..."

"पोट उत्तम आहे. दुसरा कुणी मिळत असेल तर बघा."

दुसरा कुणी मिळत नव्हता. काकांनी आंघोळ केली, ठेवणीतला मुकटा नेसले आणि निघाले. वाटेत एकाही आडोशाकडं त्यांनी पाहिलं नाही.

मी वयानं लहान, मला देवांच्या जागी बसवलं. काकांना पितरांच्या जागी. म्हणजे समजलं ना तुम्हाला? ज्याचं श्राद्ध, त्याच्या जागी. शिरस्तेदारांच्या मुलानं काकांचे पाय धुतले, गंध लावलं, नमस्कार केला. पानं वाढली. खीर, वडे, लाडू, भोपळ्याची भाजी, कारल्याची भाजी, आमटी. भावबंद भिंतीला टेकून बसलेले. संकल्प सुटला आणि उपाध्ये म्हणाले, "स्वस्थपणे जेवा."

काकांनी पानाकडं बराच वेळ पाहिलं. मग मुलाला म्हणाले, "हे उचल."

"काका, काही चुकलं का?"

"मऊभात आण. वर ताक. चिमूटभर मीठ."

उपाध्ये उसळले. "अहो, श्राद्धाचं अन्न आहे! नाही म्हणता येत नाही."

"या जागेवर बसलेला मागेल ते वाढायचं, हे खरं की नाही?"

"खरं, पण..."

"मी आत्ता कोण आहे?"

उपाध्ये पुटपुटले, "पितृस्वरूप."

"म्हणजे याचे वडील. त्यांना आज ताकभात हवाय. ज्याला त्याला जिलबी कोंबून दमलेत ते."

भिंतीशी बसलेले भाऊ उठून उभे राहिले. मुलगा गोरामोरा झाला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून शांत आवाज आला. "वाढ रे. मागतायत ते वाढ." शिरस्तेदारांच्या पत्नी होत्या. लग्नातल्या पंगतीला तुपाचं भांडं घेऊन उभ्या होत्या तशाच उभ्या. त्या स्वतः आत गेल्या, भात मऊ होईपर्यंत चुलीशी थांबल्या, आणि मग वाफाळता ताकभात पानावर आला.

काका जेवले. शीत न् शीत चावून, डोळे अर्धे मिटून. मी त्यांना रोज ताकभात खाताना पाहत आलो होतो, पण असा चवीनं कधी नाही. निम्मं पान झालं आणि त्यांनी हात थांबवला. पोटावर हात ठेवला. मुलाकडं पाहून, अगदी अजिजीच्या आवाजात म्हणाले, "साहेब, कळ आली आहे. बाहेर जाऊन येऊ?"

 त्या खोलीत तो आवाज कचेरीतला आहे, हे मला आणि नवऱ्याच्या तोंडून तो प्रसंग ऐकलेल्या दारातल्या बाईंना तेवढं कळलं.

उपाध्ये घाबरून ओरडले, "भलतंच! पानावरून उठलात तर श्राद्ध मोडेल. बसा! उठायचं नाही!"

काकांनी मान खाली घालून आपल्याच छातीकडं पाहिलं, आत कुणी बसलंय त्याच्याशी बोलावं तसं. "ऐकलंत ना शिरस्तेदार? बसा. सांगितल्याशिवाय उठायचं नाही."

आणि ते हसायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते आणि डोळ्यांतून धारा. मी पण हसत होतो की रडत होतो, देव जाणे. पान संपलं. मुलानं हात जोडून विचारायचं ते विचारलं, "तृप्त झालात?" काकांनी त्याला चांगलं उभं ठेवलं. मग म्हणाले, "झालो."

परतताना मी विचारलं, "पोट कसं आहे?"

"माझं? माझं झकास. त्याचं विचारा!"

तुम्ही म्हणाल, मेलेल्या माणसावर कसला राग धरायचा. धरून बघा. चांगला धरता येतो. पुढं दर भाद्रपदात त्या तिथीला बाईंकडून निरोप येई, भिक्षुक मिळत असले तरीही येई, आणि काका जाऊन शिरस्तेदारांना ताकभात घालून येत. मुलाचा त्यात काही दोष नव्हता, पोरगा बिचारा गरीब होता. एकदा त्यानं वाटेत काकांचे पाय धरले आणि म्हणाला, "आईनं सांगितलं मला सगळं." काकांनी त्याला उठवलं, त्याच्या पोटाची विचारपूस केली. पण पुढच्या वर्षी जेवले ताकभातच.

"माझी एक पंगत राहिली आहे," हे मात्र त्यांनी बोलायचं सोडलं. मला ते चुकल्याचुकल्यासारखं वाटे. रागानं उभा राहिलेला माणूस राग फिटल्यावर सैलावतो, तसं काहीसं झालं असेल. दुखणं पुन्हा भडकलं, आणि या खेपेला ते "तो कसा आहे" असं विचारू शकत नव्हते. वैशाखात गेले. काकूंनी मला सांगितलं, शेवटच्या सकाळी त्यांनी आंबा मागितला होता. वास घेतला, आणि उशीशी ठेवला.

त्या भाद्रपदात शिरस्तेदारांच्या घरून मला बोलावणं आलं. पितरांच्या जागी बसलो. पान मांडलं, खीर आली, वडे आले. मी म्हटलं, "हे उचला." बाईंनी मला पुरतं बोलूसुद्धा दिलं नाही. ताकभात तयारच होता. मी सगळा खाल्ला. शिरस्तेदारांची सुटका करायचा अधिकार मला कुणी दिला नव्हता, आणि दिला असता तरी मी तो वापरला नसता.

मग वैशाख आला, काकांचं वर्षश्राद्ध. मुंबईला नोकरीला असलेला त्यांचा मुलगा आगबोटीनं आला होता. काकूंनी मला आधीच सांगून ठेवलं, "त्यांच्या जागी तुम्हीच बसायचं. आणि सकाळपासून काही खाऊ नका." मी गेलो. पंगतीत काकांशेजारी बसायच्या सवयीनं पाय परसदाराकडं वळले, तर काकूंनी मला अडवलं. पान माजघरात, देवासमोर, परसदारापासून जितकं लांब मांडता येईल तितकं लांब मांडलं होतं.

पानावर काय नव्हतं! खीर, वडे, मिरच्यांची भजी, फणसाची भाजी, जिलबी. काकूंनी स्वतः तळलेली जिलबी. आणि मोठ्या वाडग्यात हापूसचा रस. उपाध्यांनी काकूंच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि रसाचं भांडं स्वतःच पानाजवळ सरकवलं.

मी आधी वाडगा उचलून नाकाशी नेला. मग जेवलो. एकाही पदार्थावर हात आडवा धरला नाही. भजी आणखी मागितली, जिलबी आणखी मागितली. काकू वाढत होत्या, वाढता वाढता डोळे पुसत होत्या, आणि मी घास उचलून थेट तोंडात टाकत होतो, अधेमधे कुठं न थांबवता. पोट तट्ट फुगलं. वाडगा रिकामा झाला. काकांचा मुलगा समोर येऊन हात जोडून उभा राहिला.

"तृप्त झालात?"

"अजून नाही," मी म्हटलं. "आणखी रस वाढ."

काकूंनी आतून पातेलंच उचलून आणलं.